मैत्रिणीकडे कागद कसे मागू?

प्रश्न: सहकारनगरच्या आमच्या सोसायटीत आमची आणि माझ्या मैत्रिणीची दारं समोरासमोर, गेली 27 वर्षं. ती आणि तिचे यजमान आता मुलाकडे बंगळूरला कायमचे निघालेत. त्यांचा फ्लॅट आम्ही मुलीसाठी, तिच्या एकटीच्या नावावर घेतोय. रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरतक्त्यानं, किंमत 80 लाख होते. मैत्रीण म्हणते, "आपल्याच लेकीला देतेय, 65 पुरे. कागदांचं बघू सावकाश, आम्ही काय परके आहोत?" तिच्याकडे कागद मागायला जीभ रेटत नाही. ती जाणार, या विचारानं झोपही लागत नाही.

उत्तर: ताई, जीभ रेटा. ती इथे आहे तोवरच.

आधी किंमत. 65 लाखांना व्यवहार केलात तरी मुद्रांक शुल्क 80 वरच बसेल. मुलीच्या एकटीच्या नावावर घेताय, म्हणून 7 ऐवजी 6 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार. नोंदणी फी 30 हजार. खरी अडचण प्राप्तिकराची आहे. रेकनर आणि खरेदीची रक्कम यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर मधले 15 लाख तुमच्या मुलीचं उत्पन्न धरतात आणि मैत्रिणीचा नफाही 80 लाख धरूनच मोजतात. तिच्या मायेचा भुर्दंड दोन्ही घरांना. 73 लाख ठरवा, मर्यादेत बसतं. हा हिशेब सीएसमोर बसून तिला दाखवा, ती ऐकेल. आणि 1 टक्का टीडीएस, म्हणजे तिच्या वाट्याचा आगाऊ कर, मुलीनं पैसे देतानाच कापून भरायचा आहे, तो 80 वर, म्हणजे 80 हजार. हेही तिला आधीच सांगा. ऐन वेळी रक्कम कमी दिसली की उगाच मनात येतं.

खरेदीखतावर दोघांच्या सह्या आणि नोंदणी ते पुण्यात असतानाच करा, नाहीतर कुलमुखत्यारपत्राच्या मागे लागाल. मागचे सगळे मूळ करार आणि शेअर सर्टिफिकेट हातात घ्या. सोसायटीचा हस्तांतरण अर्जही त्याच आठवड्यात द्या.

वीजमीटर विसरू नका. माझी मैत्रीण नाशिकला गेली, तिचं घर मी घेतलं. तीन वर्षं बिल तिच्याच नावानं येत राहिलं. ते नाव पुसायला माझा हात धजत नव्हता. शेवटी बदलायला गेले तेव्हा जुनी अनामत वळवायला तिची संमती लागली. ती तेव्हा आजारी होती, आणि कितीतरी दिवसांनी केलेला माझा फोन मीटरच्या सहीसाठी होता. ते मला अजून टोचतं.

आणखी एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. ताबा आणि निरोप मी एकाच दिवशी उरकला. खाली टेम्पो उभा, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि आम्ही दोघी दारात गॅसच्या रेग्युलेटरबद्दल बोलत होतो. तेच आमचं शेवटचं बोलणं तिथलं.

किल्ल्या चार दिवस आधी घ्या आणि ते चार दिवस दोघांना तुमच्याकडे राहू द्या. जेवायला, झोपायला, सगळं तुमच्याकडे. पहाटे दोघी तळजाई टेकडीवर जा. झोप लागणार नाहीच, तर तिच्याशी बोलत जागा.