‘पॅशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ‘आपली पॅशन शोधा आणि तिच्या जोरावर असामान्य काम करून दाखवा’ हे वाक्य मराठीत कसं लिहायचं? शब्दकोशातली ‘उत्कटता’ काही बसत नाही.

बसणार नाहीच. उत्कटता हा भावनेचा गुण. इथे हवी आहे माणसाला धरून ठेवणारी गोष्ट. ‘आवड’ फार सौम्य. ‘छंद’ फावल्या वेळेचा. ‘नाद’ म्हटलं की घरच्यांची नापसंती ऐकू येते. ‘व्यासंग’ मला अतिशय प्रिय, पण त्याला पुस्तकांचा वास आहे. धावपटूचा व्यासंग म्हणत नाहीत. माझं मत ‘ध्यास’ला.

वेदान्तात ज्ञानाच्या सांगितलेल्या श्रवण, मनन, निदिध्यास या तीन पायऱ्यांतल्या शेवटच्या शब्दात तो दिसतो. ऐकलं, विचार केला, आणि मग ते चित्तातून हलेचना, तो निदिध्यास. शिवाय त्याची क्रियापदं पाहा. वेड नुसतं लागतं. ध्यास लागतो आणि घेताही येतो.

मायकेल व्हेंट्रिसचं उदाहरण घ्या. १९३६ साली, १४ वर्षांचा असताना, लंडनच्या एका प्रदर्शनात त्याला कळलं की ग्रीसच्या क्रीट बेटावर सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची एक लिपी अजून कुणालाच वाचता आलेली नाही. तिथे ध्यास लागला. पुढे तो वास्तुविशारद झाला, पण अक्षरांचे तक्ते मांडणं, ताडून पाहणं त्याने सोडलं नाही. हा घेतलेला ध्यास. १९५२ मध्ये त्याने ती लिपी, ‘लिनिअर बी’, उलगडली आणि त्या पाट्यांची भाषा प्राचीन ग्रीक निघाली. आधी तो स्वतःच ती एट्रुस्कन या प्राचीन इटलीतल्या भाषेशी जोडत होता!

आता तुमचं वाक्य. ‘आपला ध्यास शोधा’ असं लिहू नका. ध्यास हरवलेल्या किल्लीसारखा शोधायचा नसतो, आणि त्याला ‘कशाचा?’ हे लागतंच. मी असं लिहीन: ‘मनाला कशाचा ध्यास लागला आहे ते ओळखा, आणि मग त्याचाच ध्यास घ्या; असामान्य काम त्यातूनच उभं राहील.’

मजकूर इतरांच्या दुःखासाठी झटणाऱ्या माणसाविषयी असेल, तर मात्र ‘तळमळ’ लिहा. ‘पॅशन’चं लॅटिन मूळ सोसण्याच्या अर्थाचं आहे, आणि ते सोसणं मराठीत या एकाच शब्दात मला पुरेपूर ऐकू येतं.