बायको माहेरी गेलीय, बोलणं बंद आहे, इस्लाममध्ये यावर काय मार्ग आहे?

सलाम भाई. तुम्ही लिहिलंय की तुम्ही कुवेतहून सगळे पैसे आईच्या खात्यावर पाठवता, त्यावरून वाजलं आणि बायको माहेरी गेली, आता आई म्हणते जमातीत, म्हणजे समाजाच्या बैठकीत, नेऊ आणि दोस्त म्हणतात तलाक देऊन मोकळा हो. मी मौलाना नाही, पण आमच्या चिपळूणकडे अशा भांडणांत मधे बसलोय म्हणून सांगतो.

आपल्याकडे कुरआनातल्या सूरह निसाची ३४वी आयत, नवऱ्याच्या अधिकाराची, प्रत्येक नवऱ्याला तोंडपाठ, ३५वी विचारली की गप्प. तिच्यात सरळ म्हटलंय की दोघांत फाटेल अशी भीती वाटली तर एक माणूस नवऱ्याच्या घरचा नि एक बायकोच्या घरचा नेमा, दोघांना मिटवायचं असेल तर अल्लाह जुळवून देईल. म्हणजे दोनच माणसं हो! जमातीत चाळीस जणांसमोर बायकोचं गाऱ्हाणं निघालं की मग कोणीच माघार घेत नाही, सगळ्यांना आपली इज्जत सांभाळायची असते. तुमच्याकडून आईला बसवू नका, ती या भांडणात आहेच. एखादा चाचा बघा जो तुम्हालाही चार शब्द सुनावेल, आणि तिकडून तिचा मामा वगैरे, ज्याचं ती ऐकते.

हजरत अली आणि त्यांची बायको, पैगंबरांची मुलगी फातिमा, यांच्यातही एकदा वाजलं होतं, अली रागाने मशिदीत जाऊन झोपले. हुजूर (स.), म्हणजे पैगंबर, तिथे गेले, भांडण कशावरून झालं हे विचारत बसले नाहीत, अंगावरची माती झटकली आणि "ऊठ, अबू तुराब", म्हणजे मातीवाल्या, असं लाडाने म्हणाले. मुलीचे बाप होते, तरी जावयाला झापलं नाही. आपल्याकडचे सासरे असं करतील का, जाऊ दे.

आता पैशांचं. बायकोची खर्ची तुमच्यावर फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे, ती आईच्या हातून मागून घ्यायची गोष्ट नाही. आईचा हक्क वेगळा, तिला तिचं वेगळं पाठवा, बायकोचं थेट बायकोच्या खात्यावर, आणि ते आत्तापासून, ती परत यायची वाट बघत नका बसू. खरं सांगू तर तुमचं निम्मं भांडण इथेच आहे असं मला वाटतं.

आणि त्या दोस्तांचं अजिबात ऐकू नका. २००२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने दगडू पठाण केसमध्ये सांगितलंय की नुसतं "तलाक दिला" म्हणून भागत नाही, कारण काय होतं आणि आधी दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केला का हे सिद्ध करावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहून पाठवलंत तर तीन तलाकविरोधी २०१९ च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत जेल आहे, तलाक तर होतच नाही.

सुट्टी मिळेपर्यंत थांबू नका, मामांना या जुम्म्यालाच फोन लावा. पहिल्या फोनवर कोण चुकलं ते काढू नका, फक्त बसायला तयार आहात का एवढंच विचारा. आणि सगळं करूनही तिला नकोच असेल तर खुला, म्हणजे बायकोच्या मागणीवरून होणारा तलाक, मागायचा हक्क तिलाही आहे, तेव्हा मेहेरचा (निकाहात बायकोला ठरलेल्या रकमेचा) हिशोबही त्याच दोघांसमोर करा.