रेड स्विचला जड स्प्रिंग घालताना

मेकॅनिकल कीबोर्डात कळांखाली असणाऱ्या स्विचसाठी स्प्रिंग मागवण्याआधी विक्रेत्याला विचार: ६७ ग्रॅम हे अक्षर उमटतानाचं वजन की कळ तळाला टेकतानाचं? नवीन माणूस इथेच फसतो. चेरी कंपनीचा रेड स्विच साधारण ४५ ग्रॅमला अक्षर उमटवतो, तिचाच ब्लॅक ६० ला. एकदम ८० वर जाऊ नकोस, बोटं भरून येतात. १०४ कळांना ११० घे, एकदोन उडून हरवतातच. आधी चारच बदलून आठवडाभर टाइप करून बघ. हॉट-स्वॅप (स्विच नुसता ओढून काढता येणारा) कीबोर्ड नसेल तर आधी सोल्डर काढावं लागेल.

उघडलेला स्विच परत जोडताना स्टेमचे (कळ बसते त्या खाली-वर होणाऱ्या भागाचे) दोन पाय आतल्या धातूच्या पत्तीकडेच हवेत. पत्ती वाकली की एका दाबात अक्षर दोनदा उमटतं. आवाज करणाऱ्या स्प्रिंगा पिशवीत घालून क्रायटॉक्स १०५ या वंगण तेलाचे चार-पाच थेंब टाक, खळखळून हलव. आपल्या रत्नागिरी-मालवणच्या खारट, दमट हवेत तेलाशिवाय त्या गंजू शकतात, म्हणून हे टाळू नकोस. उरलेल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेव.