कॅप्टनला 'कॅप्टनीण' करावं का?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन आठवणी मराठीत आणताना सोव्हिएत सैन्यातल्या स्त्रियांचे हुद्दे कसे लिहायचे? 'महिला कॅप्टन', 'स्त्री-कॅप्टन' की सरळ 'कॅप्टनीण'? आणि पुढे क्रियापद 'आली' की 'आल्या'?

'कॅप्टनीण' आधी बाद करू. मराठीत पदाला '-ईण' लावली की पहिला अर्थ निघतो तो बायकोचा. पाटलीण, सुभेदारीण, वकिलीण या सगळ्या नवऱ्याच्या पदावरून ओळखल्या गेल्या. मास्तरीण तेवढी स्वतः वर्गावर गेली आणि शब्दाचा अर्थ बदलून आली. डॉक्टरीणबाईंचं अजून धड ठरलेलं नाही. गंमत म्हणजे रशियनमध्येही हाच घोळ आहे. तिथला प्रत्यय 'शा'. 'गेनेराल्शा' ही जनरलची पत्नी, 'मायोर्शा' मेजरची, 'कपितान्शा' कॅप्टनची. म्हणून त्या युद्धात सुमारे आठ लाख स्त्रिया सैन्यात दाखल झाल्या, तरी सरकारी कागदावर हुद्दा पुल्लिंगीच राहिला. कामाच्या नावांचं मात्र तसं नाही. विमान चालवणारी 'ल्योतचित्सा', विमानविरोधी तोफेवरची 'झेनीतचित्सा', बिनतारी यंत्रावरची 'रादीस्तका' अशी स्त्रीलिंगी रूपं सर्रास वापरात होती. म्हणजे लढाऊ वैमानिक लीदिया लित्व्याक कामाने 'ल्योतचित्सा', पण हुद्द्याने पुल्लिंगी 'लेयतेनांत'.

किताबातही तेच. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च सन्मान स्त्रियांनाही याच पुल्लिंगी नावाने मिळाला. 'वीरांगना' म्हणता येईल असा शब्द सरकारने जुलै १९४४ मध्ये वेगळ्याच किताबासाठी वापरला: 'मात-गेरोइन्या', म्हणजे 'वीर माता', आणि तो दहा किंवा त्याहून जास्त मुलं वाढवणाऱ्या आईला! तेव्हा कुणा वैमानिक बाईला अनुवादात 'सोव्हिएत वीरांगना' केलंत, तर जाणकार वाचक आधी मुलं मोजेल. 'सोव्हिएत संघाचा वीर हा किताब तिला मिळाला' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

मग स्त्री ओळखायची कशावरून? रशियनमध्ये दोन जागा आहेत, आडनाव आणि भूतकाळी क्रियापद. 'मायोर रास्कोवा प्रिकझाला', म्हणजे मेजर रास्कोवांनी हुकूम दिला. इथे 'मायोर' पुल्लिंगी, 'रास्कोवा' स्त्रीलिंगी आणि 'प्रिकझाला' हे क्रियापदही स्त्रीलिंगी. मारीना रास्कोवाच्या पुढाकाराने १९४१ च्या अखेरीस स्त्रियांच्या तीन विमान-रेजिमेंटी उभ्या राहिल्या. तिच्या नवऱ्याचं आडनाव रास्कोव; तेव्हा चुकूनही 'मेजर रास्कोव' लिहू नका. पण पाव्लिचेन्को, गेल्मान, लित्व्याक ही आडनावं लिंग दाखवतच नाहीत. नौसैनिक पायदळातल्या येव्दोकिया झावालीबद्दल सांगतात की कागदावर हुद्दा, आडनाव आणि अर्धवट तोडलेलं 'येव्दोक.' एवढंच होतं. वाचणाऱ्याने ते पुरुषाचं 'येव्दोकिम' समजलं आणि पोरगी कित्येक महिने पुरुष म्हणूनच लढली. पुढे ती तुकडीची प्रमुख अधिकारी झाली.

मराठीत खरी अडचण इथे येते आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. आपलं सकर्मक भूतकाळी क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. 'पाव्लिचेन्कोंनी हुकूम दिला, गोळी झाडली, अहवाल लिहिला' यात 'दिला', 'झाडली', 'लिहिला' ही रूपं हुकूम, गोळी आणि अहवाल यांच्यामागे गेली. त्यात आदरार्थी 'त्यांनी' आलं की स्त्री-पुरुष ओळखायची उरलीसुरली खूणही पुसली जाते. अशी पाचसहा वाक्यं ओळीने आली की ३०९ शत्रुसैनिक टिपणारी ही नेमबाज ल्युदमिला पाव्लिचेन्को वाचकाच्या डोळ्यांपुढे मिशाळ इसम होऊन उभी राहते. उपाय 'महिला लेफ्टनंट' हा नाही. तो बिल्ला दर वाक्यात लावला तर मजकूर सरकारी परिपत्रकासारखा होतो, आणि त्या स्त्रियांच्या सोबत्यांनी त्यांना तसं कधी म्हटलंही नसेल. उपाय व्याकरणातच आहे: परिच्छेदाच्या सुरुवातीला एक अकर्मक क्रियापद घाला. 'लेफ्टनंट पाव्लिचेन्को १९४२ मध्ये अमेरिकेला गेल्या' एवढं आलं की पुढची दहा वाक्यं निर्धास्त.

'आली' की 'आल्या' हे बोलणारा कोण त्यावर ठरवा. निवेदक लेखक असेल तर कर्नल ग्रिझोदुबोवा 'आल्या'. त्यांच्या हाताखाली बहुतांशी पुरुषांची बॉम्बफेकी रेजिमेंट होती. पण रात्रीच्या बॉम्बफेकी रेजिमेंटमधली मुलगी आपल्याच वयाच्या, विशीतल्या मैत्रिणीबद्दल बोलत असेल, तर 'झेन्या आली, लीला गेली' हेच कानाला बरं. तिथे 'आल्या' म्हटलं की एक आली की चौघी, तेही कळत नाही.

संबोधनात 'मॅडम' किंवा 'बाईसाहेब' नको. तिथे स्त्री असो की पुरुष, हाक एकच: 'तवारिश कपितान', म्हणजे 'कॉम्रेड कॅप्टन'. 'कॉम्रेड' मराठीला परका नाही. त्याच दशकात वारल्यांमध्ये काम करणाऱ्या गोदावरी परुळेकर 'कॉम्रेड'च होत्या. आणि आझाद हिंद फौजेतल्या कॅप्टन लक्ष्मींना तरी आपण कधी 'कॅप्टनीण' म्हटलं? विशेषण लावायचं झालं तर मराठीने बेलाशक 'आमची नवी कॅप्टन' म्हणावं. रशियन कागदासारखं 'नवा' म्हणायचं काहीच कारण नाही.

जाता जाता दोन खड्डे. 'ग्वार्दीइ मायोर'चं 'गार्ड मेजर' केलं की रेल्वेचा गार्ड आठवतो. लढाईत नाव काढलेल्या तुकड्यांना 'गार्ड्स' हा मान मिळे आणि तो तिथल्या माणसांच्या हुद्द्यालाही चिकटे. 'गार्ड्स मेजर' ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे खुलासा द्या. दुसरा खड्डा डॉक्टरांचा. आघाडीवर स्त्री-डॉक्टर पुष्कळ होत्या, आणि १९४३ पर्यंत त्यांचे हुद्दे वेगळे असत. त्यातला 'वोयेनव्राच त्रेत्येवो रांगा' हा कॅप्टनच्या तोडीचा. याचं शब्दशः 'तिसऱ्या दर्जाची लष्करी डॉक्टर' झालेलं छापू नका. 'लष्करी डॉक्टर (श्रेणी ३)' लिहा, आणि १९४३ नंतरच्या प्रसंगात 'वैद्यकीय सेवेतल्या कॅप्टन'.