सासूबाईंनी ते कार्ड का ठेवलं?

पत्र: आम्ही मालवणजवळ राहतो. मुलगी पाचवीत आहे, सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत. शिक्षण चांगलं, फी झेपणारी. पण यंदा ती जेवणाआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटते आणि कपाळाला, छातीला हात लावून क्रूस करते. नाताळच्या नाटकात तिला देवदूताचं काम मिळालंय. गोठ्यात गवत लागतं म्हणून तिनं करवंटीत नाचणी पेरलीय. सासूबाई म्हणतात, ‘चेडवाक इंग्लिश शिकूक घातलंस की देव बदलूक?’ नवरा म्हणतो, जूनमध्ये शाळा बदलू. परवा मी तिला ओरडले, तर म्हणाली, ‘शाळेत सगळे एकत्र प्रार्थना करतात. आपल्याकडे कोण करतं?’ (सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा शाळेनं प्रार्थना केली होती. वर्गातल्या मुलांनी हातानं बनवलेलं कार्डही आलं होतं, ते सासूबाईंनी ट्रंकेत ठेवलंय.) मी मूळची कोल्हापूरची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी वाडीत अजून ‘घाटावरची’च आहे. मला शाळेचा राग येतोय की आणखी कसला, तेच कळत नाही. काय करू?

वयानं तू माझ्या लेकीएवढी असशील, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी अडखळले. एवढी मोठी गोष्ट कंसात का टाकलीस गं?

अशा शाळांमधली सकाळ मला माहीत आहे. घंटा होते, रांगा लागतात, आणि प्रार्थनेआधी सिस्टर विचारतात, आज कोणासाठी प्रार्थना करायची? मग हात वर होतात. कुणाचे बाबा बोटीवर गेलेत, कुणाच्या ताईची परीक्षा आहे, एखाद्याचा कुत्रा हरवलाय. तुझ्या लेकीनंही एक दिवस हात वर केला असणार. माझ्या आजीच्या डोळ्यासाठी, म्हणाली असणार. आणि तुमच्या घराचा उंबरा कधी न ओलांडलेली पोरं तिच्या आजीसाठी डोळे मिटून गप्प उभी राहिली. दहा वर्षांच्या मुलीला याहून काय हवं असतं? ‘आपल्याकडे कोण करतं’ हा तिनं तुला मारलेला टोमणा नाही. ती खरंच विचारतेय.

आता सासूबाई. त्यांच्या ट्रंकेत काय असतं ते मी न बघता सांगते: लग्नातला शालू, जमिनीचे कागद, गेलेल्या माणसाचा एखादा फोटो. त्यात त्यांनी नातीच्या वर्गातल्या पोरांनी हातानं बनवलेलं कार्ड ठेवलं. शाळेवर जिचा खरा राग असेल, ती बाई ते कार्ड चुलीत घालेल.

तरी त्यांची भीती वेडेपणाची म्हणून उडवून लावू नकोस. आपल्या किनाऱ्यावर ती फार जुनी आहे. खाली गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं, मधली थोडी वर्षं सोडली तर. लोक रातोरात देव उचलून हद्दीपार पळाले. विहिरीत पाव टाकला की गाव बाटला, ही गोष्ट माझ्या आजीनंही मला सांगितली होती, आणि ती सांगताना तिचा आवाज उतरायचा. पण त्याच गोव्यात 1616 साली फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं ख्रिस्ताची कथा मराठीत छापली, तीही ओव्यांत. ओवी म्हणजे सासूबाईंच्या घरचीच. हे त्यांना सांग, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव.

आणखी एक. ती करवंटी परसात लपवून ठेवली असेल, तर उचलून सासूबाईंच्या समोर आणून ठेव. नाचणीची बारीक हिरवी पातं वर आली की त्यांना ओळख पटेल, कारण नवरात्रात घटाखाली आपण रुजवण घालतो ते काही फार वेगळं दिसत नाही. ख्रिस्ती घरांत गोठ्यातल्या बाळापुढे तसंच कोवळं हिरवं ठेवतात. माझा अंदाज आहे, त्या आधी ‘गो, पाणी किती घालतंस?’ म्हणून नातीला झापतील आणि मग स्वतःच रोज शिंपायला लागतील.

क्रूसाचं मात्र मी वेगळं सांगेन. ओरडू नकोस, पण चालू दे असंही म्हणणार नाही. ती बाप्तिस्मा घेतलेल्यांची खूण आहे, त्यांच्यासाठी पवित्र. मैत्रिणी करतात म्हणून करायची ती गोष्ट नव्हे. असं तिला सरळ सांग, आणि सिस्टरांनाही विचारायला सांग. हात जोडून गप्प बसलं तरी प्रार्थना होते. जेवणाआधीचा श्लोक आपल्याकडेही आहे की. तुमच्या घरी तो शेवटचा कधी म्हटला गेला? (माझ्या घरी जेवताना बातम्या चालू असतात, म्हणून विचारायला मला फारसं तोंड नाही.)

नवऱ्याला एक कायद्याची गोष्ट सांग. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 30 नं दिलाय, तो त्यांचा. पण अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडात तुमचाही हक्क आहे: शाळा सरकारमान्य असो की अनुदानित, धर्मशिक्षणाच्या तासाला किंवा उपासनेला अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीवाचून बसवता येत नाही. म्हणून कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला, जातात तेव्हा बाकीच्यांना बऱ्याच ठिकाणी मूल्यशिक्षणाचा तास असतो. तुमच्या शाळेत काय पद्धत आहे, ते आधी जाऊन विचारा. शाळा बदलायचं त्यानंतर बघू. देवदूताचा पांढरा झगा घालून कुणी बाटत नाही. फार तर तो शिवायला तुला दोन रात्री जागावं लागेल.

विचारायला जायचं कसं, ते मी माझ्या आजोबांकडून शिकले. मीही याच जिल्ह्यात सिस्टरांच्या शाळेत होते. पाचवीतच. एका सोमवारी मी रवळनाथाचा अंगारा लावून गेले, तर वर्गातल्या बाईंनी सगळ्यांसमोर तो पुसायला लावला, वर म्हणाल्या, दगडाला नमस्कार करून काय मिळतं? मी रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी आजोबा धोतर, काळा कोट, बगलेत छत्री अशा थाटात मोठ्या सिस्टरांकडे गेले. मी दाराबाहेर उभी. आत आवाज चढला नाही. पंधरा मिनिटांनी सिस्टर स्वतः त्यांना व्हरांड्यापर्यंत सोडायला आल्या आणि जाताना माझ्या कपाळाकडे बघून मान हलवली, एवढंच. बाईंनी माफी काही मागितली नाही. पण अंगारा परत कुणी पुसायला लावला नाही. वाटेत आजोबा म्हणाले, शाळा सोडायची नाही, आणि अंगारा पण पुसायचा नाही. पुढे सहा वर्षं मी त्या शाळेत होते. आज सुखदुःखाला धावून येणाऱ्या माझ्या तीन मैत्रिणी तिथल्याच, त्यांतल्या दोघी ख्रिस्ती. चतुर्थीला त्या माझ्याकडे मोदक वळायला बसतात आणि माझ्यापेक्षा बऱ्या कळ्या पाडतात.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते. राग की आणखी कसला, असं विचारलंस. मला तो हेवा वाटतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बारा वर्षं तू त्या वाडीत पाणी भरतेस, हळदीकुंकवाला जातेस, तरी मालवणीत विनोद झाला की सगळ्या हसून झाल्यावर तू हसतेस. आणि तुझ्या लेकीला रोज सकाळी घंटा झाली की आपली जागा मिळते, जिथे तिच्या आजीचं नाव घेतलं जातं. तिला ती जागा सोडायला लावून तुला तुझी मिळणार आहे का?

त्यापेक्षा शाळेतच जा. नाताळाआधी सिस्टरांना हातांची गरज असते. गोठा बांधायचा असतो, नाटकाचे कपडे असतात, नेवऱ्या करायच्या असतात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, आणि कोल्हापूरच्या मुलीला करंजी कुणी शिकवायला नको. नाटकाच्या दिवशी सासूबाईंना पुढच्या रांगेत बसव. त्या डोळ्यासाठी सगळ्या शाळेनं प्रार्थना केलीय, तर त्याच डोळ्यांनी नातीचं काम बघू देत.

नाताळ झाला की गोठ्यातली नाचणी पिवळी पडेल. लेक करवंटी घरी आणेल तेव्हा त्या रोपांचं काय करायचं हे तू ठरवू नकोस. आजीला विचारायला सांग.