विमानाच्या पोटात कुत्रा कोण बांधतं?

मागच्या अंकात मी विमानाच्या टायरबद्दल लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती केबल, तेल आणि भुंकण्याबद्दल. हँगरमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी याच तीन गोष्टींत गेली, त्यामुळे माझी तक्रार नाही. पाच पत्रं घेतो.

मुंबईहून नागपूरला जाताना मधल्या रांगेत बसले होते. विमान गेटवरून हललं आणि पायाखाली कुत्रा भुंकायला लागला. अक्षरशः भुंकणंच, थांबून थांबून. एअर होस्टेस हसून ‘नॉर्मल आहे’ म्हणाली. नॉर्मल म्हणजे काय? (एक वाचक, ठाणे)

विमान एअरबस ए३२० किंवा त्याचं भावंड असणार, आणि कुत्र्याचं नाव पीटीयू, म्हणजे पॉवर ट्रान्सफर युनिट. या विमानात हायड्रॉलिक तेलाच्या, म्हणजे दाबाच्या जोरावर विमानाचे भाग हलवणाऱ्या तेलाच्या, तीन वेगवेगळ्या सिस्टिम असतात: हिरवी, पिवळी आणि निळी. नावं रंगांची असली तरी तेल तिन्हींत एकच. हिरवीचा पंप डाव्या इंजिनावर, पिवळीचा उजव्या इंजिनावर, निळीचा विजेवर. तिघींचा दाब ३००० पीएसआय. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३३ असतो, म्हणजे साधारण नव्वदपट.

एक इंजिन सुरू झालंय आणि दुसरं अजून नाही, अशा वेळी हिरवी आणि पिवळी यांच्या दाबात ५०० पीएसआयहून जास्त फरक पडला की पीटीयू जागं होतं. त्यात एक मोटर आणि एक पंप पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. चांगल्या सिस्टिमचा दाब मोटर फिरवतो, मोटर पंप फिरवते, पंप दुसऱ्या सिस्टिमचं तेल दाबतो. गंमत अशी की तेलाचा एक थेंबही इकडचा तिकडे जात नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी घ्यायचं नाही, फक्त त्याचे बैल आपल्या मोटेला जुंपायचे. दाब भरला की पीटीयू थांबतं, उतरला की पुन्हा धावतं, म्हणून ते भुंकणं. चाकं आत घेतात तिथेच, मधल्या रांगांच्या खाली ते बसवलेलं असतं. पुढच्या वेळी पंखाच्या बऱ्याच पुढची जागा घ्या, आवाज कमी येईल.

कोल्हापूरला पंख्याचं एटीआर येतं. नातू सांगतो की त्यात पायलट पंखांचे पत्रे स्वतःच्या हाताने हलवतो, यंत्र नाही. एवढं मोठं विमान आणि हाताने? पोरगं मला फसवतंय का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

गुरुजी, नातवाला पेढा द्या. एटीआर ७२ मध्ये पंखाच्या टोकाकडचे एलेरॉन (विमान कलवणारे पत्रे), शेपटीचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) हे सगळं केबल आणि दांड्यांनी चालतं. पायलटने योक, म्हणजे त्याच्या पुढ्यातलं चाक, फिरवला की केबिनच्या जमिनीखालून, भिंतीतून, पुलीवरून पोलादी केबल सरकते आणि टोकाचा पत्रा हलतो. पंखावरचे स्पॉयलर (वर उघडणारे पत्रे) तेवढे हायड्रॉलिकचे.

हाताने जमतं कसं, हा खरा प्रश्न. पत्र्याच्या मागच्या काठाला एक अरुंद पट्टी असते, तिला टॅब म्हणतात. टॅब खाली वळली की वारा तिला वर ढकलतो आणि तिच्यासोबत अख्खा पत्रा वर जातो. म्हणजे काम वाराच करतो, पायलट त्याला फक्त दिशा दाखवतो. एका मर्यादेपर्यंत हे छान चालतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट लागतो, आणि मोठ्या जेटला माणसाचे दंड पुरत नाहीत. तिथून तेलाचं राज्य सुरू होतं.

केबलविषयी थोडं जास्त लिहितो, कारण तेलाचं कौतुक सगळे करतात आणि केबलकडे कोणी बघत नाही. विमान ॲल्युमिनियमचं, केबल पोलादाची. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि थंडीत तेवढंच आकसतं. वीस मीटरच्या केबलला पन्नास अंशांचा फरक पडला तर दोघांत सेंटीमीटरभराची तफावत येते. मे महिन्यात केबल ताणली जाते, उंचावरच्या गारठ्यात सैल पडते. म्हणून केबलचा ताण लावताना टेन्शन मीटरच्या शेजारी थर्मामीटर आणि तक्ता ठेवावा लागतो. तपमान न बघता ताण लावणारा मेकॅनिक आणि चव न घेता मीठ टाकणारा आचारी, दोघांवर माझा सारखाच विश्वास.

मी शिकाऊ असतानाची गोष्ट. आमच्या चार्जमनना, म्हणजे मुकादमांना, सगळे मास्तर म्हणत. त्यांनी मला फडकं देऊन केबल पुसायला लावली. केबलची एखादी बारीक तार तुटली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण फडकं अडकतं. उघड्या हाताने करायचं नाही, तार सुईसारखी बोटात शिरते. मी टोकापासून टोकापर्यंत पुसलं आणि म्हणालो, ‘‘स्वच्छ आहे.’’ मास्तर म्हणाले, ‘‘कॉकपिटमध्ये जाऊन चाक पूर्ण डावीकडे फिरव आणि तसंच धरून ठेव.’’ मी धरून बसलो. चार-पाच मिनिटांनी त्यांनी खाली बोलावलं. मघाशी पुलीवर बसलेला केबलचा वीतभर तुकडा आता बाहेर आला होता आणि त्यावर फडक्याचा धागा लोंबत होता. तीन तारा तुटलेल्या. त्या जाडीच्या केबलमध्ये १३३ तारा असतात, सात पेडांत एकोणीस-एकोणीस, त्यामुळे तीन म्हणजे प्रलय नव्हे. पण केबल झिजते ती वाकते तिथे, आणि मी पुसली ती सोडून बाकी सगळीकडे. मास्तरांनी तो धागा काढून माझ्या खिशात घातला आणि चहाला गेले.

केबल बदलल्यावर दोन परवानाधारकांनी वेगवेगळं तपासायचं असतं. एक जण आत चाक डावीकडे फिरवतो, दुसरा बाहेरून ओरडतो, ‘‘डावा वर, उजवा खाली!’’ ऐकायला पोरखेळ वाटतो. पण दोन केबलची टोकं अदलाबदल झाली तर चाक तितकंच मऊ फिरतं, मीटरवर ताणही बरोबर येतो, आणि विमान उलटं वळतं. ते फक्त त्या ओरडण्यातच कळतं.

गाडीचं पॉवर स्टीअरिंग बंद पडलं तरी जोर लावून वळवता येतं. विमानाचं हायड्रॉलिक पूर्ण गेलं तर? तीन-तीन सिस्टिम असताना असं होऊ शकतं का? (एक वाचक, पुणे)

आधी हे समजून घ्या की मोठ्या जेटमध्ये पायलटचा हात पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. तो हलवतो एक छोटा व्हॉल्व्ह. आत बोटाएवढी सळई, तिची फट केसाहून बारीक. सळई सरकली की दाबाचं तेल जॅकच्या, म्हणजे पिस्टन असलेल्या नळकांड्याच्या, एका बाजूला जातं, जॅक पत्रा ढकलतो, आणि ढकलता ढकलता त्याच्याच दांडीने व्हॉल्व्ह परत बंद करतो. त्यामुळे चाक जितकं फिरवलं तितकाच पत्रा हलतो, जास्त नाही. ३००० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २१० किलो. तळहाताहून लहान पिस्टन सहज काही टन रेटतो.

आता हाताला वाऱ्याचा जोरच जाणवत नाही, म्हणजे पायलट जोशात विमान मोडेल. म्हणून स्प्रिंग घालून मुद्दाम खोटं ओझं तयार करतात. बोइंग ७३७ मध्ये तर शेपटीवरच्या नळ्यांनी वाऱ्याचा दाब मोजून वेगाप्रमाणे ओझं वाढवतात. आधी कष्ट वाचवायचे, मग तेच कष्ट तोलूनमापून परत द्यायचे!

हायड्रॉलिक गेल्यावर काय, हे विमानावर अवलंबून आहे. ७३७ च्या दोन्ही मुख्य सिस्टिम गेल्या तरी केबल एलेरॉन आणि एलिव्हेटरपर्यंत पोहोचते. दोन्ही पायलट घाम गाळत उडवू शकतात, आणि रडरसाठी तिसरी, राखीव सिस्टिम असते. तुमच्या गाडीसारखंच. पण बोइंग ७४७ किंवा डीसी-१० एवढ्या आकाराला हाताचा मार्ग ठेवलेलाच नव्हता. त्याऐवजी सिस्टिम वाढवल्या: डीसी-१० ला तीन, ७४७ ला चार.

आणि त्या सगळ्या एकदम गेल्या. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या ७४७ ची मागची दाबभिंत फुटली. सात वर्षांपूर्वी ओसाकाला शेपूट धावपट्टीला घासलं होतं, तेव्हा ती भिंत चुकीची जोडली गेली होती. आतली हवा शेपटीत घुसली, उभं शेपूट उडालं, आणि चारही सिस्टिमचं तेल वाहून गेलं. चार सिस्टिम, पण चौघींच्या नळ्या शेपटीत एकत्र. त्या पायलटांनी केवळ इंजिनं कमी-जास्त करत अर्धा तास विमान हवेत ठेवलं. ५२४ जणांपैकी चार वाचले.

चार वर्षांनी, १९ जुलै १९८९ ला, युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० मध्ये शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क, म्हणजे पंख्याची तबकडी, फुटली. त्या इंजिनाची सिस्टिम इंजिनासोबत गेली, उरलेल्या दोघींच्या नळ्या तुकड्यांनी आडव्या शेपटीत कापल्या. कॅप्टन हेन्स यांच्या मदतीला डेनिस फिच नावाचे प्रशिक्षक पायलट आले, ते प्रवासी म्हणून बसले होते. त्यांनी दोन थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारे दांडे) दोन हातांत धरले. विमान सारखं उजवीकडे वळत होतं, तसंच गोल फिरवत त्यांनी ते अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीवर आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. नंतर डीसी-१० च्या तिसऱ्या सिस्टिममध्ये, शेपटीकडे तेल वाहायला लागलं तर पुढचं वाचवणारा बंद-व्हॉल्व्ह बसवला. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये बगदादवर डीएचएलच्या ए३०० मालवाहू विमानाला क्षेपणास्त्र लागून तिन्ही सिस्टिम गेल्या, तरी तिघांनी इंजिनांच्या जोरावर ते उतरवलं आणि तिघेही चालत बाहेर आले.

म्हणून मला कोणी ‘तीन सिस्टिम आहेत’ म्हटलं की मी विचारतो, तिन्ही नळ्या जातात कुठून? घरात तीन दारं आहेत आणि तिन्ही एकाच बोळात उघडतात, तर बोळात आग लागल्यावर तिन्हींचा उपयोग शून्य. आणि केबलवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. १९७४ मध्ये पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चा मालाचा दरवाजा निघाला, वरची केबिनची जमीन खाली बसली, आणि तिच्याखालून शेपटीकडच्या व्हॉल्व्हपर्यंत पायलटचा हुकूम नेणाऱ्या केबल एकदम गेल्या. ३४६ माणसं. तेल असो की तार, वाट एकच होती.

मेकॅनिकल इंजिनीअरिंगला आहे. तेजस फ्लाय-बाय-वायर आहे, मग हायड्रॉलिक शिकण्यात अर्थ आहे का? सगळं विजेवर जाणार ना? (विद्यार्थी, नांदेड)

तेजसमध्ये हुकूम विजेच्या तारेने जातो, चार वेगवेगळ्या वाहिन्यांनी. पत्रा ढकलतो तो अजून तेलानेच भरलेला जॅक. ए३८० मध्ये दोन हायड्रॉलिक सिस्टिम आणि जोडीला विजेवरचे जॅक आहेत, पण त्या विजेच्या जॅकच्या पोटातही स्वतःचं थोडं तेल आणि छोटा पंप असतोच. शुद्ध मोटर-आणि-स्क्रूची अडचण अशी की स्क्रू अडकला तर पत्रा जागच्या जागी खिळतो. तेलाच्या जॅकला बायपास देता येतो, मग तो मऊ पडतो आणि शेजारचा जॅक काम करतो. शिक बाबा, पंचवीस वर्षं तरी उपाशी मरणार नाहीस.

मुलगा विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये लागलाय. शर्टावर जांभळे डाग घेऊन येतो, कशानेच जात नाहीत. हे काय आहे? (एक आई, कल्याण)

ताई, ते स्कायड्रॉल. मोठ्या जेटमधलं हायड्रॉलिक तेल, मुद्दाम जांभळा रंग घातलेलं. सहज पेट घेत नाही म्हणून वापरतात, पण रंग खातं आणि कातडीची आग करतं. माझ्या घड्याळाचा प्लॅस्टिकचा पट्टा एका पावसाळ्यात चिकट झाला होता. डागाची काळजी सोडा. शर्ट घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळ्या बादलीत धुवा, तुम्ही हातमोजे घाला. आणि त्याला दोनच गोष्टी विचारा: ग्लोव्ह्ज घालतोस का, आणि नळी सोडताना चष्मा लावतोस का. डोळ्यात थेंब गेला तर आधी भरपूर पाण्याने धुवायचं, मग डॉक्टरकडे, मग साहेबाला सांगायचं. शिकाऊ पोरं हा क्रम नेमका उलटा करतात. मीही केला होता.