एल्फ, ड्वार्फ असताना डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्र बनून खेळायच्या खेळात पात्र म्हणून माणूस कशाला घ्यायचा?

फुकटच्या फीटसाठी, म्हणजे पात्राच्या एका खास क्षमतेसाठी! 2014 च्या नियमांत व्हेरियंट ह्यूमनला, म्हणजे माणसाच्या पर्यायी प्रकाराला, पहिल्याच लेव्हलला फीट मिळायचं. बाकीचे बहुतेक चौथ्या लेव्हलपर्यंत ताटकळायचे. साध्या माणसाला ताकद, चपळाई अशा सहाही गुणांत +1 मिळायचा, पण तो मला पोह्यांवर भुरभुरलेल्या खोबऱ्यासारखा वाटतो: सगळीकडे आहे, पोट कशानेच भरत नाही.

2024 च्या नियमांत बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून, सगळ्यांनाच एक ओरिजिन (सुरुवातीचं) फीट मिळतं, माणसाला त्यावर आणखी एक. शिवाय एक जादा स्किल, आणि दर लाँग रेस्टनंतर (पात्राच्या लांब विश्रांतीनंतर) हिरोइक इन्स्पिरेशन, म्हणजे फसलेला फासा पुन्हा टाकायची मुभा.

तोटा एकच, पण चांगलाच बोचतो: डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात दिसायची शक्ती, नाही. गुहेत एल्फ म्हणणार "मशाल विझव, दिसू आपण", आणि तुम्ही भिंत चाचपत उभे.

'माणूस बोअर असतो' हे मात्र मला पटत नाही. दादरला आमच्या टेबलावर एकीने भाऊच्या धक्क्यावरचा पहाटेचा लिलाव डोक्यात ठेवून बंदरावरची मासेवाली 'रोग' (Rogue, म्हणजे चलाख, चोरट्या वर्गातलं पात्र) बनवली. जादाचं स्किल पर्सुएशन (मन वळवणं), जादाचं फीट लकी (नशीबवान). पहारेकऱ्याने सोन्याच्या दहा नाण्यांची लाच मागितली, तर बाईंनी घासाघीस करून ती दोनवर आणली आणि वर त्याच्याकडूनच गोदामाची किल्ली घेतली. डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कपाळावर हात मारला.

तुमचं टेबल 2014 चे नियम वापरत असेल, तर व्हेरियंट चालतो का हे डीएमला आधी विचारा. तो पर्यायी नियम आहे.